फ्रुमाचा हेल

“कळलं का कुणाला, मी आत्ता काय विचारलं ते?”

आशेरने हे गावाच्या इंग्रजीत विचारले. त्याआधी तो जे बोलला होता, ते खोलीतल्या एकालाही कळलेले दिसत नव्हते. बायकोच्या सुतकातला त्याचा तिसरा दिवस होता.

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या त्या बंदरात ज्यूंची घरे मोजकीच. त्यांची रीत अशी, की ज्याचे माणूस गेले त्याने सात दिवस घरात बुटक्या स्टुलावर बसायचे, आणि भेटायला आलेल्यांनी तो बोलेपर्यंत तोंड उघडायचे नाही. आशेर बोलत होता, पण स्वतः घडवलेल्या भाषेत. त्यामुळे बिचारी माणसे येत, गप्प बसत आणि गप्पच उठून जात.

ही भाषा म्हणजे आशेरचा अर्धा जन्म. आसपासच्या बोलीत आपली धर्मभाषा हिब्रू मिसळून जर्मन मुलखातल्या ज्यूंची यिडिश झाली, स्पेनमधल्यांची लादिनो. आयर्लंडची मूळ भाषा गेलिक; ती बोलणाऱ्यांच्या शेजारात ज्यू आले ते उशिरा आणि मूठभर, तेव्हा तिथे अशी भाषा कधी झालीच नाही. जे हजार वर्षांत झाले नाही ते मी एकटा करून दाखवतो, म्हणून हा गडी हट्टाला पेटला. गेलिकचा सांगाडा घेतला, त्यात हिब्रू भरली आणि अख्खी भाषा उभी केली. खोटे कशाला बोला, सुरेख केली होती.

ती बोलणारी माणसे दोनच. तो आणि त्याची बायको फ्रुमा.

आता तो एकटा.

गावातल्या ज्यूंचे धर्मगुरू रब्बी झालमन दाराशी जमिनीवर बसले होते. लहानपणी आशेरला अक्षरे त्यांनीच गिरवायला लावली. पुढे शिष्याला वाटू लागले की म्हाताऱ्याजवळ शिकण्यासारखे काही उरलेले नाही, आणि त्याने तिकडची वाट सोडली.

“तुम्हालाही नाही ना कळलं, रब्बी?”

रब्बी जमिनीवरूनच जरा पुढे सरकले.

“मी विचारलं, आता या भाषेत माझ्याशी कोण बोलणार...? तिला तरी कुठे धड येत होती म्हणा. हेल काढायची. तिच्या आईच्या गावचा हेल. प्रत्येक वाक्याचं शेपूट ओढायची. मी सांगून सांगून थकलो.”

“केव्हा सांगायचास?”

“दर वेळी.”

“मग?”

“मग... तिने कानाला खडा लावला. बोलायचीच बंद झाली. शेवटची कित्येक वर्षं या भाषेत एक शब्द नाही.”

 त्याला स्वतःचाच राग आला.

शेजारणीने आणून ठेवलेला चहा त्याच्या स्टुलापाशी तसाच पडून होता. रब्बींनी कपाकडे पाहिले. 

“चहा निवतोय,” ते म्हणाले.

आशेरच्या भाषेत म्हणाले. शेवटचा शब्द त्यांनी लांबवला, वर नेला आणि हळूच खाली सोडला. पहिल्या पहिल्या दिवसांत फ्रुमा स्वयंपाकघराच्या दारातून म्हणायची, तसाच.

“हेल काढू नका,” आशेर म्हणाला. सवयीने तोंडातून निघून गेले.

मग त्याचे त्यालाच ऐकू आले.

“...कुणी शिकवलं तुम्हाला?”

“फ्रुमाने. बाजारातून परतताना यायची माझ्याकडे. म्हणायची, त्याच्यासमोर चुकण्याची भीती वाटते, तुमच्यासमोर बोलून बघते. एकदा नीट जमलं की त्याला ऐकवीन. मला जे काही येतं ते तिचंच, चुकांसकट.”

“पण मी तर तिला... कशाला यायची ती?”

“म्हणायची, एवढं घर बांधलंय त्याने. आत एकटाच कसा राहील?”

तेव्हा आशेर रडला. फ्रुमा गेल्यापासून पहिल्यांदा रडला, लहान मुलासारखा, कोण बघते आहे याची पर्वा न करता. खोलीतली माणसे जमिनीकडे पाहत राहिली.

“रब्बी... पुन्हा म्हणा ना.”

“चुकीचं आहे ना ते?”

“असू दे. तसंच म्हणा.”

“माझं वय झालं, आशेर. मी आणखी किती दिवस म्हणणार? आता तू म्हण.”

आशेरने डोळे पुसले. घसा साफ केला. आणि म्हणाला, चहा निवतोय. त्याच्याच नियमांप्रमाणे, शुद्ध, काठीसारखे सरळ.

रब्बींनी मान हलवली.

“चुकलं,” ते म्हणाले. “पुन्हा म्हण.”