चाचणी भाषांतर-यंत्राची

मेळघाटातल्या एका सरकारी दवाखान्यासाठी भाषांतराचं हातात मावणारं यंत्र निवडायला उपसंचालक रणदिवे आले. तिथल्या लोकांच्या कोरकू भाषेचा एक शब्दही त्यांना येत नव्हता. टेबलावर तीन नमुने मांडलेले होते. यंत्र पास झालं की दुभाषी सुमरती कासदेकरची नोकरी संपणार, हे त्यांनी तिच्या तोंडावरच सांगितलं.

"आणि बाई, चाचणी चालू असताना तुम्ही मध्ये बोलायचं नाही."

"नाही बोलत, साहेब."

पोट धरून एक बाई आली, रीतीप्रमाणे घरच्यांसह. डॉक्टरांचा प्रश्न पहिल्या यंत्राने कोरकूत चोख विचारला. उत्तर सासू, नवरा, जाऊ आणि मामा यांनी एकदमच दिलं. यंत्र गप्प. दुसरं आणि तिसरंही तसंच. रणदिव्यांनी यंत्रातून "एकेकाने बोला" असं सांगितलं, तेव्हा आधी कोणी बोलायचं यावरून भांडण जुंपलं. बाई कण्हू लागली.

रणदिवे सुमरतीवर खेकसले, "अहो, बघता काय? काय म्हणताहेत हे?"

"सांगते की, साहेब. पण मी तोंड उघडलं की तुमची तिन्ही यंत्रं नापास. उघडू?"

रणदिव्यांनी यंत्र टेबलावर ठेवलं.

"उघडा," ते म्हणाले.