आधी जेवणारी आई

“म्हणजे या आईने रडायचं नाही, असं म्हणायचंय का तुम्हाला, साव्वा इल्यिच?” ग्लेबने विचारलं.

साव्वा इल्यिच काहीच म्हणाले नव्हते. ग्लेबला दिग्दर्शन त्यांनीच शिकवलं होतं. शिष्याचं नाव झाल्यापासून त्यांनी न बोलण्याची सवय लावून घेतली होती.

मॉस्कोच्या स्टुडिओत ग्लेबच्या नव्या सिनेमासाठी युद्धानंतरच्या उपासमारीतलं स्वयंपाकघर उभं होतं. बाप आघाडीवरून परतलेला नाही. आई पाव कापते, सगळा मुलांना वाटते, स्वतः उपाशी राहते आणि खिडकीबाहेर बघत डोळे पुसते. दृश्य संपलं तेव्हा दिवेवाल्यांनीही डोळे पुसले होते. दिवेवाले सहसा पुसत नाहीत.

“तुझ्याच घरची गोष्ट ना ही?”

“माझीच आई.”

“ती अशी उपाशी राहायची?”

ग्लेबने सिगारेट काढली, पुन्हा पाकिटात ठेवली.

“नाही. ती आधी खायची. सगळ्यात मोठा तुकडा. भिंतीकडे तोंड करून. आम्ही तिघं भावंडं बघत बसायचो. मग आमचं आम्हाला देऊन ती वीटभट्टीवर कामाला जायची.”

“मग तेच दाखव की.”

“लोक म्हणतील, असली कसली आई!”

“आणि तू काय म्हणतोस?”

ग्लेबने पुन्हा सिगारेटचं पाकीट चाचपलं.

“तिला माती द्यायला गेला होतास?”

“शूटिंग होतं.”

“असणारच. कलेला सवड कुठे असते!”

पुढच्या टेकसाठी टेबलावर नवा पाव ठेवला होता. म्हाताऱ्या साव्वा इल्यिचनी त्याचा जाड तुकडा कापला, भिंतीपाशी गेले आणि सगळ्यांकडे पाठ करून खाऊ लागले. सावकाश. मागून नुसते कान हलताना दिसत होते.



“आम्हाला ठेव ना गं!”

ओरडल्यावर ग्लेबला कळलं, आवाज आपलाच आहे. नातवंडं असलेला माणूस, पण गळा सहा वर्षांच्या पोराचा.

साव्वा इल्यिच वळले. तोंडातला घास त्यांनी पुरता चावला, गिळला.

“बघितलंत ना?” ग्लेब म्हणाला. “ही माया म्हणायची?”

“तिघंही जगलात?”

“जगलो.”

म्हाताऱ्याने दाढीतले कण झटकले आणि टोपी डोक्यावर चढवली.

“तुझी ही सिनेमातली आई आठवड्याभरात मरते, ग्लेब. पुढच्या दृश्यासाठी तीन लहान शवपेट्या सांगून ठेव.”