खोली फिरवून दाखवा

"लपवायचं काही नसेल, तर दाखवायला काय जातं, अप्पा?"

शैलेंद्र हत्तुरे मठाच्या ओसरीवर बसून विचारत होता. मठाचे स्वामी, आमचे अप्पा, पडद्याआड होते. चाळीस वर्षं मठाचा स्वयंपाक केलेले गुरुपादतात्या आता अंथरुणाला खिळलेत. त्यांचं अंग अप्पा रोज स्वतः पुसतात. मध्ये जुन्या धोतराचा पडदा. मी बाजूला शेंगा फोडत बसलो होतो.

हा शैलेंद्र इथंच तात्यांच्या हातची भाकरी खाऊन शिकला. आता पुण्यात मोठ्या हुद्द्यावर. घरबसल्या कॉम्प्युटरवरून नोकरीसाठी लोकांच्या मुलाखती घेतो. पोरगा हुशार, पण तोरा विचारू नका!

"नीट सांग," आतून अप्पा म्हणाले. फडकं पिळल्याचा आवाज आला.

"नियमच आहे. आधी सगळी खोली कॅमेऱ्यात फिरवून दाखवायची. कोणी लपून उत्तरं सांगू नये म्हणून. काल एका मुलीची मुलाखत होती. तिनं तीन भिंती दाखवल्या. चौथीकडे पलंग होता, तिथं अडली. प्रोग्राम मात्र असा लिहिला, की मी बघतच राहिलो!"

"का अडली?"

"म्हणे, आई आजारी आहे. आता आईच आहे कशावरून? संध्याकाळपर्यंत निकाल कळवायचाय. नापास लिहिणार आहे."

"मग लिही की. इथं कशाला आलास?"

"हात चालेना, अप्पा," तो हळूच म्हणाला. "रडवेली झाली होती. म्हणाली, नोकरीची फार गरज आहे सर, पण आईला नाही दाखवणार."

आत तात्या कण्हले.

"झालंच हं, तात्या. पाठ तेवढी राहिली." अप्पा इतक्या मायेनं बोलले, की माझेच डोळे भरून आले.

मग पडदा थोडा सरकला. अप्पांचा ओला हात बाहेर आला.

"शैल्या, दोरीवरचा टॉवेल दे रे."

शैलेंद्र उठला. टॉवेल पुढे केला, आणि मान भिंतीकडे वळवली.

अप्पा फटीतून त्याच्याकडे बघत राहिले.

"तिकडं काय बघतोस?"

"काही नाही... आत तात्या आहेत ना."

"तुला दिसले?"

शैलेंद्रनं नुसती नकारार्थी मान हलवली. भिंतीकडं बघतच.

"पास झालास," अप्पा म्हणाले. "आता तिचं सांग."