गाणाऱ्याची पट्टी

एकदा एका शहरात चार म्हातारे पुष्कळ वर्षांनी पुन्हा एकत्र आले. ऐन तारुण्यात त्यांचा एक रॉक बँड होता. मराठीत रॉक गातात म्हणून सुरुवातीला लोकांनी त्यांची थट्टा केली होती, आणि पुढे थट्टा करणाऱ्यांच्याच मुलांनी त्यांच्या कॅसेटी ऐकून ऐकून झिजवल्या होत्या. मग संसार, नोकऱ्या आणि रुसवेफुगवे यांत तो बँड विरून गेला. आता केस पिकल्यावर त्यांच्या मनात आले की आणखी एक अल्बम करावा. काही जुनी गाणी नव्याने वाजवावीत, काही नवी बांधावीत आणि मग वाद्ये समाधानाने खाली ठेवावीत.

चौघांत गिटार वाजवणारा सर्वांत वडील. तो बोलायचा कमी आणि ऐकायचा जास्त. त्याच्यापाशी तिशीतला एक शिष्य होता. गिटार शिकायला म्हणून तो आला होता, पण हळूहळू त्याने ध्वनिमुद्रणाचे तंत्रही आत्मसात केले. या अल्बमचे सारे ध्वनिमुद्रण त्याच्याच हाती होते. गुरूला तो 'सर' म्हणे आणि बाकीच्या तिघांना 'काका'.

अल्बमला भांडवल पुरवणारा कंपनीचा मालक व्यवहारी होता, दुष्ट नव्हता. पहिल्याच बैठकीत तो म्हणाला, "काका, राग मानू नका, पण आजच्या पोरांना तुमची नावं माहीत नाहीत. पाहुणे कलाकार घेऊ. नावाजलेले. प्रत्येक गाण्यात एक."

शिष्याला वाटले, सर आता उठून जातील. पण ते शांतपणे म्हणाले, "घेऊ की. फक्त कोणाला केव्हा बोलवायचं ते मी ठरवीन."

तीन पाहुणे ठरले. चित्रपटांत गाणारी एक प्रसिद्ध गायिका, एक वृद्ध सारंगीवादक आणि ज्याच्या मागे हजारो तरुण वेडे आहेत असा एक गिटारवाला.

अडचण होती ती बँडच्या गायकाची. त्याच्या घशाची शस्त्रक्रिया झाली होती. त्याचा आवाज गेला नव्हता, पण पूर्वीसारखा वर चढत नव्हता. आणि बँडचे सर्वांत गाजलेले गाणे नेमके एका चढ्या स्वरावर उभे होते. पलीकडच्या तीराला निघालेल्या नावेला एक माणूस काठावरून हाक मारतो, असे ते गाणे. शेवटी तो सगळा जीव एकवटून ओरडतो, 'थांब!' तो एक शब्द ऐकायला लोक मैदाने भरून येत असत.

गाणाऱ्या काकांनी खूप प्रयत्न केले. प्रत्येक वेळी त्या शब्दापाशी आवाज फाटे, किंवा खोकल्याची उबळ येई. तिसऱ्या दिवशी मालकाने शिष्याला बाजूला घेतले.

"असं करू, हे गाणं त्या गायिका बाईंना देऊ. काका एखादी ओळ बोलतील. कव्हरवर त्यांचा फोटो सगळ्यांत मोठा छापू."

"काका नुसते फोटोत?"

"मग काय करू? लोकांना जुनीच पट्टी आठवते. गाणं खाली आणलं तर म्हणतील, म्हातारे झाले. आठवडाभर बघ. जमलं तर ठीक, नाहीतर बाई."

फोटो मोठा छापू, हे शब्द शिष्याच्या जिव्हारी लागले. लहानपणी तो याच काकांच्या कॅसेटी लावून आरशासमोर गायला होता. त्यांचा श्वास, त्यांचा झटका, शब्दाच्या शेवटी सोडलेली हवा हे सारे त्याच्या गळ्यात उतरले होते. त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर त्याने स्वतःच माइकसमोर उभे राहून तो एक शब्द गायला आणि काकांच्या गाण्यात असा बेमालूम बसवला की सांधा कुठे आहे हे त्याचे त्यालाही सापडेना. मनात पाप नव्हते. आपण काकांना वाचवले, असेच त्याला वाटत होते.

दुसऱ्या दिवशी चौघे ऐकायला बसले. काकांनी डोळे मिटले. तो शब्द आला, घुमला आणि विरला. काकांनी मांडीवर थाप मारली.

"अरे! अजून जमतं की मला!"

ड्रम वाजवणारे काका हसून म्हणाले, "मग उगाच तीन दिवस नखरे केलेस ते?"

पण काकांच्या चेहऱ्यावरचे हसू जागच्या जागी थांबले. त्यांनी गळ्याचा मफलर सारखा केला आणि हळू आवाजात म्हणाले, "परत लाव." शिष्याने लावले. पुन्हा तो शब्द आला.

"या ठिकाणी मी गायलोच नव्हतो रे," काका म्हणाले. "काल इथे मला खोकला आला होता. मी माइकपासून तोंड फिरवलं होतं."

काका उठले, चपला घातल्या आणि निघून गेले. संध्याकाळी त्यांचा निरोप आला की माझ्यावाचून अल्बम करा, माझ्यापेक्षा चांगला मी तुम्हाला मिळाला आहे.

शिष्य मान खाली घालून बसला होता. गुरूने त्याच्याकडे एकवार पाहिले. आवाज कोणाचा हे त्यांना विचारावे लागले नाही. ते रागावले नाहीत. त्यांनी फक्त हात पुढे केला.

"तुझा ट्यूनर दे."

तारा नेमक्या स्वराला लावण्याचे ते छोटे यंत्र शिष्याने दिले. गुरूने ते सदऱ्याच्या खिशात टाकले. मग त्यांनी तिन्ही पाहुण्यांना फोन केले. एरवी प्रत्येकाचा दिवस वेगळा असतो, प्रत्येक जण येऊन आपापला भाग वाजवून जातो. गुरूने मात्र तिघांना रविवारी सकाळी एकदमच बोलावले. शेवटचा फोन त्यांनी गायकाला केला. "गाऊ नकोस," ते म्हणाले. "रविवारी चहाला ये."

रविवारी पाहुणे आले. बँडचे तिघे आपापल्या जागी बसले. गुरूने गिटार मांडीवर घेतली आणि वाजवायच्या ऐवजी एकेक खुंटी उलटी फिरवून साऱ्या तारा सैल करून टाकल्या. इतक्या सैल की त्या नुसत्या लोंबत राहिल्या. मग हातावर हात ठेवून ते स्वस्थ बसले.

वेळ जाऊ लागला. चहा झाला, खारी झाली. शिष्याला काही उमगेना. मालक येरझाऱ्या घालत होता. "सर, या तिघांचा एक तास म्हणजे काय, तुम्हाला कल्पना आहे ना?"

"आहे," गुरू म्हणाले. "म्हणून तर बोलावलं."

तरुण गिटारवाल्याने त्या लोंबत्या तारांकडे पाहिले. "सर, वाजवायचंय, का कपडे वाळत घालायचेत?"

सारे हसले. गुरूही हसले. पण खुंटीला त्यांनी हात लावला नाही.

अखेर दार उघडले. मफलर गुंडाळलेले काका दारातच थांबले. एवढी माणसे पाहून ते बिचकले.

"ये ये, नवरदेव," ड्रमवाले काका म्हणाले. "वरात कधीची खोळंबलीय."

"मी चहाला आलोय. गाणारा तुमच्या त्या पेटीत आहे," काका म्हणाले. त्यांनी कॉम्प्युटरकडे बोट दाखवले. शिष्याने नजर चुकवली.

गुरूने त्यांना शेजारी बसवले, कप हातात दिला आणि सहज विचारल्यासारखे विचारले, "दिग्या, आमचा एक वाद आहे. नावेच्या गाण्याची चाल तुला पहिल्यांदा कुठे सुचली? माझ्या स्कूटरवर ना?"

"तुझ्या स्कूटरवर?" काका उसळले. "तिच्यावर स्वतःची शिंक ऐकू यायची नाही! मामाच्या गावाला सुचली. डोहापाशी. नाव माझ्यादेखत सुटली होती आणि पलीकडे बाजार. मी काठाकाठाने धावत होतो बोंबलत..."

आणि बोलता बोलता, कप हातात तसाच धरून, त्यांनी ती हाक मारून दाखवली. जोर लावला नाही. नुसती गुणगुणली, आज त्यांच्या गळ्याला जिथे सहज लागली तिथे. "थांब..."

गुरूने खाली न पाहता एक खुंटी फिरवली. लोंबणारी तार ताठ झाली आणि त्या हाकेला येऊन मिळाली.

काकांच्या लक्षात आले नाही. ते मामाच्या बैलगाडीबद्दल सांगत राहिले. पण वृद्ध सारंगीवादकाने ते ऐकले. त्याने डोळे मिटले, एकदा मान हलवली आणि आपल्या सारंगीच्या खुंटीला हात घातला.

तरुण गिटारवाला शिष्याच्या कानाशी लागला. "गाणं खाली घ्यायचंय ना? मग हे काय? तुझ्याकडे बटण असेल की. एकदा दाबलं की सगळं खाली."

"आहे," शिष्य म्हणाला. पण त्याचा हात बटणाकडे गेला नाही. तो सारंगीवादकाकडे पाहत होता. सारंगीत मुख्य तारांखाली पस्तीसेक बारीक तारा असतात, त्या मुख्य सुराबरोबर आपोआप झंकारतात. पट्टी बदलायची तर त्या साऱ्याच एकेक करून पुन्हा लावाव्या लागतात. म्हातारा ते करत होता, घाई न करता.

"उस्ताद, कशाला एवढा त्रास?" मालक म्हणाला. "बटणाने होतं."

"होतं ना," म्हातारा म्हणाला. "पण आमच्याकडे गाणारा आला की आधी विचारतात, पट्टी कोणती. मग खुंटीला हात. गाणाऱ्याला कोणी विचारत नाही, तारा कोणत्या."

तरुण गिटारवाला खाली बसला आणि आपल्या झगझगीत गिटारच्या तारा त्या हाकेच्या सुरापर्यंत उतरवू लागला. बँडमध्ये बेस गिटार वाजवणाऱ्या काकांनी केव्हाच उतरवल्या होत्या.

खोलीभर तारांची बारीक कुजबुज चालली होती. एवढ्यात काकांचे बोलणे थांबले.

"हे काय चाललंय?"

"सूर लावतोय," गुरू म्हणाले.

"कोणाचा?"

"तुझा."

काकांनी कप खाली ठेवला. "अरे, इतकं खाली? लोक म्हणतील, म्हातारे झाले."

"आरशात शेवटचं कधी बघितलंस?" ड्रमवाले काका म्हणाले.

गायिका मालकाकडे वळली. "मला काही तारा नाहीत, नाहीतर मीही उतरवल्या असत्या. मी यांच्या मागे खर्जात गाईन. आणि ती हाक मला द्यायचं कोणाच्या मनात आलं हो? नाव त्यांची सुटली होती, माझी नाही."

मालक खिशातला फोन काढून त्यात पाहू लागला.

काका माइकसमोर गेले. काचेपलीकडे शिष्य बसला होता. तिथूनच त्यांनी विचारले, "तो परवाचा आवाज अजून आहे का रे?"

"आहे, काका." शिष्य उठून उभा राहिला. "तो माझा होता."

काकांनी मान डोलावली. "वाटलंच. त्या अक्षरावर मी जवानीत सुराला किंचित खालून धक्का द्यायचो. चूक होती ती. तू तीसुद्धा उचललीस." त्यांच्या आवाजात राग नव्हता. "कॅसेटवरून?"

"हो."

"पूस आता."

शिष्याने पुसले. मग बँडने आणि पाहुण्यांनी ते गाणे सलग, एकत्र वाजवले. पूर्वीच्या गाण्यातला माणूस तरुण होता आणि नाव त्याच्यासाठी वळेल असा त्याला भरवसा होता. आजच्या माणसाला तो भरवसा नव्हता, तरी तो हाक मारत होता. शेवटचा शब्द आला. स्वर कडेला थोडा खरबरीत झाला, पण फाटला नाही. खालून गायिकेचा खर्ज आला, आणि कोणी न छेडताच सारंगीच्या त्या साऱ्या बारीक तारा झंकारल्या. काकांनी तोंड फिरवले नाही.

पाहुणे गेल्यावर शिष्य गुरूजवळ बसला. "सर, माझं काय चुकलं ते कळलं. पण एक कळलं नाही. गाणं तुम्ही चौघांनी आधीच खाली घेऊन ठेवलं असतं तर पाहुण्यांना ताटकळत ठेवायची गरज नव्हती."

गुरूने गिटार पेटीत ठेवली. "तू त्याला उचलून जुन्या गाण्यापर्यंत नेलंस. प्रेमाने नेलंस, ते मला दिसलं. पण खांद्यावर घेतलेल्या माणसाचे पाय जमिनीला लागत नाहीत, आणि ते सगळ्यांत आधी त्यालाच कळतं. मालक त्याला बाजूला बसवणार होता. तू त्याच्या जागी उभा राहिलास. दोन्हींत त्याला जागा नव्हती."

त्यांनी पेटीचे झाकण लावले. "आम्ही चौघांनीच पट्टी उतरवली असती, तर ती आमची लाचारी दिसली असती. त्यालाही तशीच वाटली असती. ज्यांना उतरायची काही गरज नाही, अशी माणसं त्याच्यादेखत आपल्या हाताने उतरली. मग ती लाचारी राहिली नाही, गाण्याची पट्टी झाली. पाहुणे मी एवढ्यासाठी बोलावले होते. अल्बम खपवायला मालकाने बोलावले, तेही चालेल."

त्यांनी सदऱ्याच्या खिशातून ट्यूनर काढून शिष्याच्या हातावर ठेवला. "हे चांगलं यंत्र आहे. फक्त लावण्याआधी विचारत जा."

बाहेर काका जिना उतरायला लागले होते. रोज शिष्य त्यांची पिशवी घेऊन भराभर खाली जाई आणि शेवटच्या पायरीवर त्यांची वाट पाहत उभा राही. आज तो धावत त्यांच्यापाशी गेला आणि त्यांच्या शेजारून, त्यांच्याच चालीने, एकेक पायरी उतरू लागला. मधल्या वळणावर काका दम घ्यायला थांबले. तोही थांबला. कठड्यावर हात ठेवून दोघे थोडा वेळ तसेच उभे राहिले, आणि मग काकांनी पुढची पायरी उतरल्यावर त्याने आपले पाऊल उचलले.