शूरवीरांची रांग

माळरानाला अजून कुंपणं पडली नव्हती, तेव्हाची गोष्ट. राघूने बिरुदं वाटायचा सपाटा लावला होता. आरवला म्हणून कोंबडा पराक्रमी, झाडावर चढला म्हणून सरडा धाडसी आणि डबक्यात उडी मारली म्हणून बेडूक शूरवीर. टिटवीला या प्रकाराचा अगदी वीट आला होता.

एका सकाळी तिच्या अंड्यांकडे साप सरकत आला. तिने हाक मारली, "शूरवीरांनो, लवकर या."

सगळे धावत आले आणि छाती काढून रांगेत उभे राहिले. "सत्कार कुठे आहे?" बेडकाने विचारलं.

"सत्कार कसला, मेल्यांनो? साप आलाय."

रांग क्षणात मोडली. उंच फांदीवरून राघू म्हणाला, "टिटवीताई, मग 'साप' अशीच हाक मारायची. 'शूरवीर' म्हटलं की गैरसमज होतो."

तेवढ्यात झाडावरून खार उतरली. लटलट कापत ती सापासमोर शेपटी आपटत चिरक्या आवाजात ओरडत राहिली आणि टिटवी वरून झडपा घालत राहिली. शेवटी साप कंटाळून निघून गेला.

"हिला काय म्हणावं?" राघू विचारात पडला. "शूर म्हणता येणार नाही. ती घाबरली होती."

"तू तोंड बंद ठेव," टिटवी म्हणाली आणि अजून कापणाऱ्या खारीला तिने अंड्यांशेजारी पंखाखाली घेतलं.