गाढवाची दवंडी

एकदा एका गावाच्या शाळेत दोन गुरुजी होते. एक म्हातारे, आणि दुसरे म्हातारे व्हायची घाई झालेले. गाव त्यांना थोरले गुरुजी आणि धाकटे गुरुजी म्हणे. धाकटे हे थोरल्यांचेच शिष्य. लहानपणी त्यांच्या हाताखाली शिकले, आणि आता त्यांच्याच शाळेत शिकवता शिकवता उरलेले शिकत होते. मात्र आपले काही उरले आहे, असे त्यांना अजून वाटत नव्हते.

धाकट्यांचा नेमकेपणावर फार विश्वास. मूल वाचायला उभे राहिले की ते पितळेची एक वाटी आणि मूठभर चिंचोके घेऊन शेजारी बसत. मूल एकदा अडखळले की वाटीत एक चिंचोका. धडा संपला की चिंचोके मोजायचे आणि वहीत आकडा मांडायचा.

वर्गात सगुणा नावाची नऊ वर्षांची मुलगी होती. तिची वाटी रोज भरे. अक्षर तिला ओळखू येई, पण खोल विहिरीतून घागर ओढावी तसे ती एकेक अक्षर वर काढी, आणि दुसरे वर येईतो पहिले सांडलेले असे. त्यात चिंचोका टण्णकन वाजला की ती दचके, दचकली की अडखळे, आणि अडखळली की पुन्हा टण्ण. एकदा पाच ओळींच्या धड्याला चिंचोके पुरले नाहीत. धाकट्यांना शेजारच्या घरून उसने आणावे लागले.

सगुणाचा बाप टोपल्या विणायचा. त्याने शाळेच्या पायरीशी येऊन विचारले होते की पोरीला वाचायला येणार नसेल तर तसे सांगा, घरी कामाला हात कमी पडतात. दसऱ्यापर्यंत सांगतो, असे धाकट्यांनी कबूल केले होते. दसऱ्याला आठ दिवस उरले तेव्हा त्यांनी एका कागदावर वर 'यांना घरी पाठवावे' असे लिहिले, खाली सगुणाचे नाव वळणदार अक्षरात घातले, आणि कागद, वही व भरलेली वाटी थोरल्यांपुढे ठेवली.

थोरल्यांनी कागद वाचून परत दिला. वही शेवटपर्यंत चाळली. मग वाटी उचलून ते चुलीपाशी गेले, चिंचोके खापरावर भाजले आणि एकेक फोडून खाऊ लागले. त्या वयातही त्यांचे दात शाबूत होते.

"गुरुजी, तो पुरावा आहे," धाकटे म्हणाले.

"जरा कच्चा आहे," थोरले म्हणाले, आणि सगुणाला त्यांनी आठ दिवसांसाठी मागून घेतले.

त्याच दिवशी मीठ विकायला आलेल्या एका व्यापाऱ्याचे गाढव गावात हरवले. दवंडी पिटायची, तर दवंडी देणाऱ्या राणबाचा घसा बसलेला. हलगी मी वाजवतो, बोलायला माणूस द्या, असे खाणाखुणांनी सांगत तो शाळेत आला. थोरल्यांनी गाढवाचा राखी रंग, पाठीवरचा वळ, डाव्या कानाची चीर आणि मिठाचे बक्षीस मोठ्या अक्षरांत चार ओळींत लिहिले आणि कागद सगुणाच्या हातात दिला. चिंचोके म्हाताऱ्यांना बाधले, असे धाकट्यांना वाटले. तरी काय होते ते पाहायला ते मागोमाग गेलेच.

गावात चौक सात. पहिल्या चौकात हलगी कडाडली, माणसे जमली, आणि सगुणा वाचू लागली. व्या. पा. ऱ्या. चे. गा. ढ. व. तिच्या खांद्यामागे उभे राहून थोरले हलक्या आवाजात तिच्या जोडीने वाचत होते. तिला हटकत नव्हते, पुढेही पळत नव्हते. तरीही गाढवाचा कान येईपर्यंत लोक गाढवच विसरले होते. दारात तांदूळ निवडणारी एक म्हातारी म्हणाली, "पोरी, गाढव मागनं हुडकू. आधी तुझं वाक्य कुठं गेलं ते बघ."

लोक हसले. धाकट्यांचा हात सवयीने खिशातल्या चिंचोक्यांकडे गेला. थोरले मात्र एवढेच म्हणाले, "चला, दुसरा चौक."

दुसऱ्या चौकात 'व्यापाऱ्याचे' एका दमात निघाले. तिसऱ्यात 'गाढव हरवले आहे' हे सलग आले. चौथ्या चौकात जाता जाता सगुणाने विचारले, की पाठीवर वळ आहे म्हणजे गोणीने घासून गेलेय का बिचारे? धाकट्यांना आठवेना, की या मुलीने यापूर्वी कधी एखाद्या धड्याबद्दल काही विचारले होते. पाचव्या चौकात थोरल्यांचा आवाज बंद झाला, तो बंद झाल्याचे तिला कळलेही नाही. आणि सातव्या चौकात ती अशी वाचत होती, की 'आणून देईल त्याला पायलीभर मीठ' या शब्दांपाशी ती क्षणभर थांबली, आणि चौकातली सगळी माणसे मिठासाठी पुढे झुकली.

परतताना धाकटे कुरकुरले. सात वेळा तेच म्हटले तर पोपटही म्हणेल. हे वाचन नाही, हे पाठांतर आहे.

थोरले दातात अडकलेला चिंचोका काढत राहिले.

त्या दिवशी गाढव मिळाले नाही. दुसऱ्या सकाळी दवंडी पुन्हा द्यायची ठरली, तेव्हा धाकट्यांच्या मनात एक युक्ती आली. कागद मळला आहे, मी नवा लिहून देतो, असे म्हणून त्यांनी चारही ओळी तशाच उतरवल्या, फक्त 'डाव्या कानाला चीर' होती तिथे 'उजव्या कानाला चीर' असे लिहिले. पोरगी पाठ म्हणणार, डावा म्हणणार, आणि पहिल्याच चौकात आपण तिला पकडणार.

थोरले या वेळी शाळेतच थांबले होते आणि व्यापारी रानात गाढव शोधत होता. पहिल्या चौकात हलगी वाजली. सगुणा भराभर वाचत आली, कानापाशी आली आणि थांबली. तिने कागदाकडे पाहिले, मग धाकट्यांकडे पाहिले. गुरुजींनी चूक सुधारली असणार, असे तिला वाटले असावे. तिने खणखणीत आवाजात वाचले, "उजव्या कानाला चीर."

खरे तर धाकट्यांनी तिथेच खुलासा करायचा. पण गुरूने शिष्येची परीक्षा घ्यावी आणि आपणच नापास व्हावे, हे चारचौघांत कसे सांगणार? पुढच्या चौकात सांगू, असे म्हणत म्हणत सातही चौक झाले.

दुपारपर्यंत शाळेच्या अंगणात अकरा गाढवे उभी होती. गावचे कुंभार आपल्या गाढवांना ओळखीसाठी उजव्या कानालाच चीर देत, हे धाकट्यांच्या वहीत कुठे नव्हते. पायलीभर मिठासाठी लोकांनी दिसेल ते गाढव ओढून आणले होते. मागून कुंभार आले, त्यांच्या तोंडचे शब्द शाळेत शिकवत नाहीत. मग तेली आला आणि त्याने सांगितले, की काल संध्याकाळी परगावाहून परतताना डाव्या कानाला चीर असलेले एक गाढव त्याला सापडले होते, त्याने ते परसात बांधूनही ठेवले होते. आज दवंडी ऐकली, कान उलटा निघाला, म्हणून पाठीवर थाप मारून सोडून दिले. व्यापारी खालीच बसला.

थोरल्यांनी कागद मागितला. वाचला. अक्षर ओळखले. धाकटे मान खाली घालून उभे राहिले. अकरा गाढवे त्यांच्याकडे पाहत होती.

"पोरीला पाठ झालं असतं," थोरले म्हणाले, "तर आज ती डावा कान म्हणाली असती, आणि गाढव सापडलं असतं. ती वाचते, म्हणून हे झालं."

मग थोरल्यांनी त्यांना ओट्यावर शेजारी बसवून घेतले.

"अरे बाळा, पहिल्या चौकात तिची सगळी ताकद अक्षरं उचलण्यात जात होती. अर्थ घ्यायला हात मोकळा कुठं होता? तीच वाट सात वेळा चालली, अक्षरं हलकी झाली, हात मोकळा झाला. आपण वर्गात काय करतो? आज नवा धडा, उद्या नवा धडा. हुशार पोरं पहिल्याच चौकात पोचलेली असतात. उरलेल्यांना आपण रोज पहिल्या चौकात उभं करतो, तिथंच चिंचोके मोजतो, आणि म्हणतो की यांना चालता येत नाही. सातव्या चौकापर्यंत त्यांच्या जोडीनं गेलं कोण?"

आता चूक दुरुस्त करणारी दवंडी देणे भाग होते. सगळे धाकट्यांकडेच पाहत होते. कोरा कागद संपला होता. धाकट्यांनी खिशातून एक कागद काढला, 'यांना घरी पाठवावे' ही बाजू खाली केली, आणि पाठकोऱ्या बाजूवर स्वतःची चूक चार ओळींत लिहिली.

पहिल्या चौकात हलगी कडाडली. तांदूळ निवडणारी म्हातारी सूप बाजूला ठेवून बसली होती. धाकट्यांनी कागद धरला. स्वतःचेच अक्षर त्यांना लागेना. "का... कानाबाबत... काल... नव्हे, आज..." कुणीतरी मागे फिसकन हसले. तेवढ्यात त्यांच्या कोपरापाशी एक बारीक आवाज त्यांच्या जोडीने वाचू लागला, हटकत नव्हता, पुढेही पळत नव्हता. चारही ओळी पार पडल्या.

"गुरुजी, पहिला चौक असाच असतो," सगुणा हळूच म्हणाली. "दुसऱ्यात बरं वाटतं."

आणि खरोखर बरे वाटले. सातव्या चौकात धाकट्यांचा आवाज इतका मोकळा झाला होता, की राखी रंगाचे एक गाढव, पाठीवर वळ आणि डाव्या कानाला चीर, भिंतीच्या सावलीत उभे राहून ऐकत होते. व्यापाऱ्याने त्याच्या गळ्यालाच मिठी मारली. पायलीभर मीठ कुणाचे, यावर बरीच चर्चा झाली आणि ते सगुणाच्या घरी गेले. ते पोचवायला धाकटे स्वतः गेले. दसऱ्याला सांगायचे ते त्यांनी तिच्या बापाला सात दिवस आधीच सांगून टाकले.

दुसऱ्या दिवशी वर्गात मुलांनी सवयीप्रमाणे नवा धडा उघडला. धाकटे गुरुजी रिकाम्या हाताने आले आणि मुलांच्या मध्ये बसले.

"कालचाच काढा," ते म्हणाले. "आपण अजून दुसऱ्याच चौकात आहोत."