उखाआप्पाचं शेवटचं प्यादं

फार फार वर्षांपूर्वी, तुमच्या पणजोबांच्या पणजोबांनाही मिसरूड फुटलं नव्हतं तेव्हा, खैरपाट गावात उखाआप्पा नावाचा एक पाटकरी होऊन गेला. पाटकरी म्हणजे पाटाचं पाणी ज्याच्या हाती तो माणूस. नदीवर दगडी बंधारा, बंधाऱ्यातून निघालेला पाट आणि पाटाच्या दोन्ही अंगांना सगळ्या गावाची शेतं. कुणाच्या शेताचं दार कधी उघडायचं आणि कधी मातीने बुजवायचं, ते आप्पा ठरवायचा. आणि गाव ऐकायचं, कारण पाणी कमी पडलं की आप्पा आधी वरची सगळी दारं बुजवायचा आणि पहिली धार शेवटच्या शेताला द्यायचा. वरचे लोक कुरकुरायचे. आप्पा म्हणायचा, ‘‘तुम्ही बंधाऱ्याच्या कुशीत आहात, तुम्हाला काय घाई?’’

ते शेवटचं शेत ठकूबाईचं. बाई तोंडाची फटकळ, पण मनाची स्वच्छ. पाणी तिच्या बांधाला लागलं की ती ओरडायची, ‘‘पोचलं!’’ मग तिच्या वरचा ओरडायचा, मग त्याच्या वरचा. अशी ती हाक शेताशेतातून चढत बंधाऱ्यापर्यंत यायची आणि मगच आप्पा भाकरीचं फडकं सोडायचा. उन्हाळ्यात हाक यायला दुपार कलायची. तेवढा वेळ करायचं काय? तर आप्पा बुद्धिबळ खेळायचा.

बंधाऱ्याच्या कडेला चिंचेखाली सपाट दगड होता. त्यावर त्याने चौसष्ट घरं कोरली होती. सोंगट्या पाटातल्या गाळाच्या, स्वतःच घडवून भाजलेल्या. वाटसरू, बैरागी, घोडी विकायला निघालेले व्यापारी, जो टेकेल त्याच्याशी तो खेळायचा. असं म्हणतात की त्या दगडावर आप्पा कधीच हरला नाही. फक्त बायकोपुढे हरायचा, पण ती खेळत नव्हती, नुसती बोलायची.

आता डाव कळायला हवा, म्हणून एवढं ध्यानात ठेवा. त्या काळी खेळाचे शेवट तीन. एक, साधी मात. दुसरी, प्यादेमात, म्हणजे राजाला प्याद्याने कोंडायचं. ती सगळ्यात मानाची. आणि तिसरा शेवट बुर्जी. समोरच्याची सगळी फौज मारली गेली आणि राजा एकटा उरला, की डाव तिथेच मोडायचा. ना हार, ना जीत. म्हणून शहाणा खेळाडू समोरच्याचं एखादं प्यादं मुद्दाम जिवंत ठेवायचा.

तर झालं काय, वरच्या अंगाला मोरदऱ्याला जहागीरदारांनी आंब्याची मोठी बाग लावली आणि हुकूम सोडला, आठ दिवसांतले चार दिवस नदीचं पाणी बागेला वळवायचं. चार दिवस पाणी तुटलं तर खैरपाटची वरची शेतं रडतखडत जगली असती, पण ठकूबाई आणि खालच्या अंगाच्या वीस घरांना गाव सोडावं लागलं असतं. गावकरी हात जोडून जहागीरदारांपुढे उभे राहिले. जहागीरदार दुष्ट नव्हते, पण बुद्धिबळाचं भारी वेड. ते हसून म्हणाले, ‘‘तुमच्या त्या पाटकऱ्याचं फार ऐकतो. खेळू द्या त्याला आमच्या विसाजीपंतांशी एक डाव. हरला तर पाणी माझं, जिंकला तर तुमचं. जा, बरोबरी केली तरी तुमचं. तांब्याच्या पत्र्यावर कोरून देतो.’’

वाटसरूंना हरवणं वेगळं आणि विसाजीपंत वेगळे. पंत पटाकडे पाठ करून एका वेळी चार डाव खेळायचे, असं म्हणतात. बारा वर्षांत त्यांनी प्याद्याशिवाय मात केलीच नव्हती. साधी मात समोर दिसत असली तरी ते सोडून द्यायचे आणि प्यादं येईपर्यंत थांबायचे. पण आप्पाला नाही म्हणायची सोय नव्हती.

चैत्रातल्या एका सकाळी जहागीरदार, पंत आणि सगळं गाव चिंचेखाली जमलं. शेतात चिटपाखरू राहिलं नाही, पाटाची दारंही तशीच बुजवलेली. असं म्हणतात की पहिली खेळी झाली आणि पाटाचं पाणी जागच्या जागी थबकलं. बघायला कोण गेलंय, पण अजून तसंच सांगतात.

दुपारपर्यंत डाव तोलून चालला होता. आप्पाने घोडे पुढे काढले, पंतांनी उंटांनी वाट अडवली. पंतांनी आपला राजा कडेला नेऊन हत्ती-प्याद्यांच्या भिंतीआड बसवला. आणि मग आप्पाची एक चूक झाली. हत्ती वाचवायच्या नादात त्याने एक घर उघडं टाकलं आणि पंतांचा घोडा तिथे येऊन बसला, राजाला शह आणि वजिरावर मारा एकदमच. राजा हलला, वजीर गेला.

एवढी वर्षं खेळलेल्या माणसाला हे कळतंच, की हा डाव आता जिंकता येणार नाही. त्याने पाटाकडे पाहिलं, मग खाली ठकूबाईच्या शेताकडे पाहिलं.

‘‘काय पाटकरी, सोडतोस डाव?’’ पंतांनी विचारलं.

‘‘नाही पंत. अजून पाणी पोचलं नाही,’’ आप्पा म्हणाला.

आणि मग त्याने जे आयुष्यभर पाटावर केलं तेच पटावर केलं. वरची दारं बुजवायला लागला. त्याने हत्ती उचलला आणि पंतांच्या राजाला शह देत मरायला नेऊन ठेवला. घेतल्यावाचून इलाज नव्हता, पंतांनी घेतला. दुसरा हत्ती पंतांच्या वजिराच्या अंगावर घातला, तोही गेला. मग उंट गेले, घोडे गेले, प्यादी एकेक करून गेली. बदल्यात त्यानेही पंतांचं थोडंफार मारलं, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही. गावाला दिसत होतं ते एवढंच, की आपला माणूस आपली फौज हातानं उधळतोय.

लोक शिव्या देऊ लागले. ठकूबाई पुढे आली आणि म्हणाली, ‘‘आप्पा, डोकं फिरलं का तुझं? माझं रान वाळवून तुला काय मिळणार रे?’’ आप्पाचे कान तापले. या बाईची हाक ऐकून तो वीस वर्षं जेवला होता. पण त्याने मान वर केली नाही.

शेवटी आप्पाचा राजा आणि एक प्यादं उरलं. पंत काही दूधखुळे नव्हते. बुर्जी नको म्हणून त्यांनी त्या प्याद्याला हात लावला नाही आणि मात करायला स्वतःचं प्यादं पुढे काढलं. हत्तीने दोन खेळ्यांत मात होत होती, प्याद्याने चार. पंतांनी सवयीप्रमाणे चार खेळ्यांची वाट धरली.

आप्पाचं प्यादं एक घर पुढे गेलं. पंतांचंही गेलं. पुन्हा आप्पाचं, पुन्हा पंतांचं. असं म्हणतात की आप्पाचं प्यादं एक घर चढलं की थबकलेलं पाणी पाटात तेवढंच पुढे सरकायचं. तिसऱ्या खेळीला आप्पाने प्यादं उचललं, पंतांच्या राजाला अगदी भिडवून ठेवलं आणि हळूच म्हणाला, ‘‘शह.’’

आपल्या प्याद्याकडे नेलेला हात पंतांनी मागे घेतला. कडेला बसलेल्या राजाला पाच घरं. चार घरं त्यांच्याच हत्ती-प्याद्यांनी भरलेली, पाचव्यात आप्पाचं प्यादं. प्यादं मारावं तर आप्पाचा राजा एकटा उरतो, बुर्जी होते. न मारावं तर प्यादेमात, तीही पंतांवर. मग त्यांनी आपल्या राजाने ते प्यादं मारलं, हातात घेतलं आणि कपाळाला लावलं.

‘‘बुर्जी,’’ पंत म्हणाले. ‘‘पाणी तुमचं, उखाजी. इतकी वर्षं मी मारायला शिकलो. द्यायचं कसं, ते आज तुम्ही दाखवलंत. उपकार झाले.’’

आणि नेमकी तेव्हा खालून हाक आली, ‘‘पोचलं!’’

सगळे चमकून एकमेकांकडे बघू लागले. सगळं गाव चिंचेखाली होतं, ठकूबाई समोर उभी होती. मग शेवटच्या शेतातून हाक दिली कुणी? लोक धावत गेले, तर दारं बुजवलेली ती तशीच, आणि ठकूबाईचं रान बांधापर्यंत भिजलेलं. कुणी म्हणतं नदी ओरडली, कुणी म्हणतं मातीच ओरडली. ज्याला जे पटेल ते त्याने घ्यावं.

ठकूबाई परत आली ती पदर डोळ्याला लावूनच. ‘‘माझं तोंड जळो, आप्पा. नाही नाही ते बोलले मी.’’

‘‘बोललीस ते बरं झालं,’’ आप्पा म्हणाला. ‘‘नाहीतर त्या उन्हात मला डुलकी लागली असती. आता फडकं दे इकडे, सकाळपासून पोटात काही नाही.’’

जहागीरदारांनी शब्द पाळला, पत्रा कोरून दिला. गावाने आप्पाला बंधाऱ्याजवळचं चांगलं रान देऊ केलं. तो म्हणाला, रान नको, हाक तेवढी देत जा. म्हातारा होऊन तो गेला तोही दुपार कलल्यावर, ठकूबाईची हाक ऐकून, असं म्हणतात.

अजूनही खैरपाटला दिवाळीनंतर पहिलं पाणी सोडतात त्या दिवशी वरची सगळी दारं बुजवलेली असतात. पळसाच्या द्रोणात मातीचं एक प्यादं ठेवून तो द्रोण बंधाऱ्यातून पाटात सोडतात आणि पहिली धार शेवटच्या शेताला जाते. चुली पेटलेल्या असतात, भाकऱ्या तयार असतात, पण कुणी घास घेत नाही. लहान पोरंसुद्धा कुरकुरत नाहीत. द्रोण बांधाला लागला की शेवटच्या शेताची मालकीण ओरडते, ‘‘पोचलं, आप्पा!’’ मग तिच्या वरचा ओरडतो, मग त्याच्या वरचा. हाक बंधाऱ्यापर्यंत चढते. तिथे चिंचेखालच्या दगडाशी एक पान मांडलेलं असतं. त्यावर पहिली भाकरी वाढतात, आणि मग गाव जेवायला बसतं.